दुसऱ्याच्या नावची माफी

ऑर्गनबाईंची मुलगी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा बूटवाल्याच्या दोन्ही हातांत एका अनोळखी माणसाचं पाऊल होतं. पावलाभोवती ओल्या प्लास्टरची पट्टी नुकतीच गुंडाळून झाली होती, आणि ती घट्ट होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, टाच आणि चवडा जिथल्या तिथं धरून ठेवावा लागतो. जरा हललं की माप बिघडतं, मापावरून साचा बिघडतो, साच्यावरून बूट, आणि मग तो माणूस वर्षभर लंगडत तुमच्या नावानं खडे फोडतो. म्हणून त्यानं मान वर केली नाही. आवाजावरून ओळखलं आणि नुसतं म्हणाला, या. ती आत आली, चामड्याच्या तुकड्यांची टोपली ओलांडून त्याच्या मागे उभी राहिली, आणि इस्पितळातल्या माणसांशी बोलावं तसं हळू बोलू लागली. तिचा भाऊ आला होता. बावीस वर्षांनी. काल दुपारी बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि तिला आधी ओळखूच आला नाही, इतका जाड झालाय, डोक्यावर केस नाहीत. तिनं त्याला आईच्या खोलीत नेलं. आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, उशीवरून मान उचलून पाहिलं, आणि विचारलं, तुम्ही डॉक्टरांकडून आलात का? हा टिल्लू आहे आई, असं तिनं तीनदा सांगितलं. तेव्हा आई हसली म्हणे. म्हणाली, काहीतरीच काय, टिल्लू दर रविवारी येतो. आमचं सगळं बोलून झालंय. त्यानं मला माफ केलंय.

“मी चर्चमध्ये मिस्सेला गेल्यावर घरी कोणी येतं का हो?” तिनं विचारलं. “तुम्ही असता ना तेव्हा, म्हणून विचारते.”

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. त्याच्या तळव्यांना ती ऊब जाणवत होती, आणि पट्टीच्या आत त्या अनोळखी माणसाचा अंगठा किंचित हलला.

“नाही,” तो म्हणाला. “माझ्यासमोर तरी कोणी आलेलं नाही.”

तिनं सुस्कारा सोडला. मला वाटलंच, भास होत असणार तिला, म्हणाली. तुम्ही आहात म्हणून बरं, असंही म्हणाली, आणि ऑफिसची वेळ झाली म्हणून गेली. तिच्या चपलांचा आवाज लांबच्या लांब कॉरिडॉरमध्ये विरेपर्यंत तो पाऊल धरून बसून राहिला. मग कातरीनं पट्टी उभी चिरून साचा काढला, तेव्हा टाचेच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या हाताच्या अंगठ्याचा ठसा खोल रुतलेला दिसला, मऊ मातीत रुतावा तसा. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माफ करा, पुन्हा घ्यावं लागेल, तो त्या माणसाला म्हणाला. आणि ‘माफ करा’ हे दोन शब्द किती स्वस्तात तोंडातून निघतात ते त्याच्या ध्यानात आलं.

जे बोललो ते खरंच होतं, असं तो दिवसभर मनाशी घोळवत राहिला. त्याच्यासमोर कोणी आलं नव्हतं. कोर्टात उभं केलं असतं तरी ते वाक्य टिकलं असतं. पण ‘माझ्यासमोर तरी’ हे दोन शब्द त्यानं निवडून घातले होते. रापीनं चामड्याची कड तासतात तसे, बोटांना धार लागू नये म्हणून. ते आपोआप आले नव्हते. उलट, ते इतक्या चटकन आले याचंच त्याला भय वाटत होतं. माणूस बावन्न वर्षांचा होतो, दर रविवारी मिस्सेला जातो, गळ्यात पवित्र भाकरीची डबी अडकवून आजाऱ्यांची घरं चढतो, आणि आतमध्ये कुठंतरी हा असा कारागीर बसलेला असतो, ज्याचे हात इतके साफ चालतात.

चर्चच्या धर्मग्रामात त्याला बूटवाला म्हणत. वाकड्या, आखूड, वेगवेगळ्या मापाच्या, बोटं गळालेल्या पावलांसाठी तो बूट बनवी, आणि फादरांच्या सुजलेल्या गुडघ्यासाठी उजव्या बुटाखाली पाऊण इंचाचा तळवाही त्यानंच चढवून दिला होता. तीन वर्षांपूर्वी फादरांनी एका प्रवचनात सांगितलं, मिशन म्हणजे बोटीत बसून लांब जाणं नव्हे. तुमच्या इमारतीचा जिना हे तुमचं मिशन, तुमच्या ऑफिसातलं टेबल हे तुमचं मिशन. मिस्सा संपल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, तुझं तर बाबा रोजचंच पाय धुणं आहे, आता रविवारी थोडे जिने चढ. पाच घरं वाटून दिली. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, घरातल्या माणसांशी बोलायला तुम्हाला वेळ नसतो, परक्यांच्या घरी जाऊन काय बोलणार? तो म्हणाला, बोलायचं नसतंच, डबी गळ्यात असताना वाटेत कोणाशी बोलू नये असा नियम आहे. मग जमेल तुम्हाला, ती म्हणाली.

आणि खरंच जमलं. शर्टाच्या आत, छातीच्या हाडावर, ती सोनेरी मुलाम्याची चपटी डबी टेकलेली असे आणि चालताना हलके हलके लागे. रस्त्यातून माणसं जात, कोणी भाजीच्या पिशव्या घेऊन, कोणी कुत्र्याला घेऊन, आणि कोणालाच ठाऊक नसे की हा खालमानेनं चाललेला माणूस काय घेऊन चाललाय. सुरुवातीच्या महिन्यांत या गोष्टीनं त्याचे डोळे भरून येत. पुढे येईनासे झाले. पुढे तो जिन्याच्या पायऱ्या मोजू लागला, कुठल्या घरी दार लवकर उघडतं आणि कुठल्या घरी कड्या काढायलाच पाच मिनिटं जातात ते त्याला पाठ झालं, आणि घरांचा क्रम त्यानं असा लावला की शेवटच्या घरून स्वतःच्या घरी परत यायला चढ लागू नये. यात पाप काही नव्हतं. पोस्टमनही तेच करतो. पण आता, मंगळवारी, बुधवारी, साच्यात पातळ प्लास्टर ओतताना, त्यातून निघालेला पावलाचा फर्मा किसताना, त्याला तो क्रम आठवत होता, आणि आपण तो लावला त्या दिवशीच काहीतरी हातचं गेलं, असं वाटत होतं.

ऑर्गनबाई चौथ्या घरच्या. चाळीस वर्षं त्यांनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. हात थांबल्यानंतरही नाव राहिलं. पलंगावर पडल्या पडल्या त्यांची बोटं पांघरुणावर चालत. त्यांचा मुलगा सेमिनरीत होता, फादर व्हायला पाचच महिने उरले असताना परत आला आणि म्हणाला, मला लग्न करायचंय. बाईंनी दार लावून घेतलं. हे इथवर पुष्कळ घरांत घडतं. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी मृतांच्या शांतीसाठी ज्यांची नावं वाचतात त्या यादीत त्यांनी मुलाचं नाव दिलं. तेव्हाच्या फादरांना काही कळलं नाही. नाव वाचलं गेलं. बाईंनी वरच्या माडीवर ऑर्गन वाजवला. आणि मुलगा शेवटच्या बाकावर बसलेला होता. आईची समजूत काढायला आला होता, मिस्सा संपल्यावर जिन्याखाली गाठीन म्हणून. त्यानं आपलं नाव ऐकलं, सगळ्यांनी मिळून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हटलेली ऐकली, आणि उठून गेला. हे सगळं मुलीनं त्याला सांगितलेलं होतं, पुष्कळ नंतर, स्वयंपाकघरात कप धुताना, पाठ करून.

सात महिन्यांपूर्वीचा तो रविवार. सकाळपासून सगळंच मागे पडत गेलं होतं. दुसऱ्या घरचे आजोबा पलंगावरून घसरले होते, त्यांना उचलून बसवण्यात अर्धा तास गेला. घरी बायकोचा भाऊ जेवायला यायचा होता, आणि हा मेहुणा जेवणाला उशीर झाला की तोंडानं काही बोलत नसे, नुसता हाताची घडी घालून टेबलाशी बसे, ते बोलण्यापेक्षा वाईट. ऑर्गनबाईंच्या घरी पोचायलाच अकरा वाजून गेले. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. त्यानं प्रार्थना म्हटली, भाकर दिली, बाई आमेन म्हणाल्या, डबी मिटली, निघायचं म्हणून उठला, तर बाईंनी त्याचं मनगट धरलं. ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाची बोटं, सुटता सुटेनात. टिल्लू, त्या म्हणाल्या. आधी त्याला कळलंच नाही की हाक आपल्याला आहे. मग बाई बोलायला लागल्या. डोळे त्याच्यावर, पण त्याच्या पलीकडे कुठंतरी. बराच वेळ बोलल्या. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्या काट्याकडे बघत तो हो हो करत राहिला, मनात पाचव्या घरचा जिना, मग आपला जिना, मग मेहुण्याची हाताची घडी. आणि बोलणं थांबलं, बाईंनी मनगट हलवलं, केलंस ना रे माफ, म्हणाल्या, आणि तो म्हणाला, हो, केलं. केलं माफ. रडत्या पोराला ‘उद्या आणतो हं खेळणं’ म्हणतात, त्या आवाजात. वेळ मारून नेली. बोटं सुटली. तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला आणि पाचवं घर उरकून बरोबर पावणेबाराला घरी पोचला.

पुढच्या रविवारी बाई भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. केस विंचरलेले. त्यांचा चेहरा पाहून तो दारातच थबकला. एखाद्याच्या घरातली भिंत पाडून उजेड आत घ्यावा तसा तो चेहरा झाला होता. आलास, म्हणाल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाई, मी तो नव्हे, मी बूटवाला. एक वाक्य. पण तो प्रार्थनेला पलंगाशी टेकताच बाईंनी हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावरून फिरवला, कपाळापासून मागे, मानेपर्यंत, आणि तो बावन्न वर्षांचा माणूस पलंगाशी गुडघ्यावर तसाच राहिला.

त्याची आई कडक होती. लहानपणी घरातली पवित्र मरियेची मूर्ती फुटलेली सापडली तेव्हा तिनं काही न विचारता त्याला वेदीसमोर हात पसरून गुडघ्यावर बसवलं, सकाळपासून जेवणापर्यंत. मूर्ती त्यानं फोडलेली नव्हती. दोन दिवसांनी वाऱ्यानं खिडकीची झडप आपटली, मूर्तीच्या जागेवरचा फुलांचा पेला खाली आला, आणि आईला कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं, कारण ती वळून त्याच्याकडे पाहत राहिली. बोलली काही नाही. त्या दिवशी ताटात जास्तीचं वाढलं. तो वाट पाहत राहिला. शाळा संपली, लग्न झालं, आई थकली, अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिनं नर्सची माफी मागितली, शेजारणीची मागितली, फादरांची मागितली. मग त्याच्याकडे वळली, आणि तो पुढे वाकला, आणि ती म्हणाली, खिडकी लावलीस का?

तर असं होतं. ऑर्गनबाईंच्या हाताखाली त्याला ते मिळत होतं. दुसऱ्याच्या नावानं आलेलं पत्र आपण फोडावं, आणि त्यात आपल्याला हवं तेच लिहिलेलं असावं. तिसऱ्या रविवारी त्यानं मुलीला आपणहून सुचवलं, तुम्ही अकराच्या मिस्सेला जात जा, मी तासभर बसेन आईंजवळ, तुमचं घर शेवटी घेत जाईन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत तिला मिस्सा मिळाली नव्हती. फादरांनी हे ऐकलं आणि प्रवचनात सांगितलं, नाव न घेता. आपल्यातलाच एक भाऊ, म्हणाले, दर रविवारी एका माऊलीजवळ तासभर बसतो. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. बायकोनंसुद्धा पाहिलं, जरा वेगळ्या नजरेनं, आणि परतताना रस्त्यात त्याचा हात धरला. तो हात धरून चालताना त्याला एकीकडे बरं वाटत होतं आणि एकीकडे तो सोडवून घ्यावासाही वाटत होता, कारण मुलीला त्यानं घराबाहेर काढलं होतं ते तिच्या मिस्सेसाठी नव्हे. साक्षीदार नको होता म्हणून.

गुरुवारी बायको म्हणाली, काय झालंय? काही नाही, तो म्हणाला. दोन दिवस झाले पेल्यात पाणी ओतता ते टेबलावर सांडेपर्यंत ओतता, आणि म्हणे काही नाही. खाई त्याला खवखवे. कोणाचं काय खाल्लंत? ती थट्टेनंच म्हणाली होती. त्यानं फडकं घेऊन टेबल पुसलं. सांगावं असं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की हिला सांगितलं की ही समजूत घालेल, म्हातारीला बरंच वाटलं ना, मग झालं तर. आणि ती समजूत आपण गपकन गिळून टाकू. म्हणून सांगितलं नाही. सांगायचं ते शनिवारी, कन्फेशनला, पापांची कबुली देताना.

फादरांनी जाळीपलीकडून सगळं ऐकलं. मध्ये एकदा गुडघा हलवताना कण्हले. मग म्हणाले, हे बघ, खोटं ते खोटं. पण एका मरणाऱ्या बाईला तू शांती दिलीस. हेतू चांगला होता.

“फादर, हेतू घरी जेवायला जायचा होता,” तो म्हणाला.

बाहेर कोणी बाक सरकवला. त्याला वाटलं आता फादर रागावतील, आणि रागावले तर फार बरं होईल. पण फादरांचा आवाज थकलेला आला. चोरी कबूल केली की मोकळं होता येत नाही बाबा, ते म्हणाले, वस्तू परत करावी लागते. ज्याची आहे त्याला देऊन ये. मग त्यांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले. ते शब्द त्याच्या डोक्यावरून गेले, आणि तो उठला तेव्हा गुडघ्यांना रग लागली होती एवढंच त्याला कळलं. अशी वस्तू परत कशी करायची, हे विचारायचं राहूनच गेलं. बाहेर चार माणसं रांगेत उभी होती, आणि त्यांच्यातल्या शेवटच्यानं हसून त्याला वाट करून दिली.

रविवारी चारही घरं झाली आणि तो ऑर्गनबाईंच्या जिन्याखाली आला, तेव्हा मुलगी मिस्सेला निघालेली खालीच भेटली. भाऊच म्हणाला जा म्हणून, ती म्हणाली. आई त्याला साहेब म्हणते, तो ऐकून घेतो, मला बघवत नाही. तो वर गेला. दार उघडंच होतं. पलंगाच्या पायथ्याशी, छोट्या स्टुलावर एक भला मोठा माणूस गुडघे फाकवून बसला होता. थंड गोदामांची यंत्रं दुरुस्त करणारा, हातांवर जुने चटके, मान जाड. पायात चांगले, झिजलेले बूट. डावी टाच बाहेरून जास्त झिजलेली. टिल्लू हे नाव त्या अंगावर कुठं बसवावं ते कळत नव्हतं.

“आलास,” बाई म्हणाल्या, त्याच्याकडे पाहून. मग पायथ्याकडे हात करून, परक्या माणसाशी बोलायचा तो गोड आवाज काढून म्हणाल्या, “हे साहेब सोमवारपासून येऊन बसतात रे. फार सभ्य आहेत. पण चहा विचारला तर नको म्हणतात.”

मोठ्या माणसानं मान वळवली. त्यानं बूटवाल्याकडे पाहिलं, आणि त्या एका पाहण्यात त्याला सगळं कळलं, हे बूटवाल्यालाही कळलं. त्यातल्या त्यात एक वाटलं, की चला, सांगायचं अर्धं काम आपोआप झालं. आणि असं वाटल्याची लाज वाटली. त्यानं डबी काढली. प्रार्थना सुरू केली. पापांची कबुली द्यायची ओळ आली तेव्हा हात छातीवर गेला आणि तिथं डबी नव्हती, नुसतं हाड होतं. पायथ्याशी बसलेला माणूसही ओठ हलवत होता. इतक्या वर्षांनी त्याला शब्द येत होते, आणि येतात याचा त्याला राग येत होता, असं त्याच्या जबड्यावरून दिसलं. बाई आमेन म्हणाल्या. पाण्याचा घोट घेतला. मग पायथ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला आई आहे का हो साहेब?”

“आहे,” तो म्हणाला.

“मग तिला भेटत जा,” बाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून बोटं पांघरुणावर चालवायला लागल्या.

दोघं जिन्याच्या चौकात येऊन उभे राहिले. दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. खालच्या मजल्यावर कोणी कपडे धोपटत होतं. बूटवाल्यानं आठवडाभर वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही जवळ नव्हतं.

“त्यांनी माफी मागितली होती,” तो म्हणाला. “ती तुमची होती. मी घेतली. त्यांना मी तुम्ही वाटलो, आणि मी हो म्हणालो.”

“काय म्हणाली ती?” मोठ्या माणसानं विचारलं. आवाज बारीक होता, त्या अंगाला न शोभणारा. “नेमकं काय म्हणाली ते सांगा.”

त्यानं तोंड उघडलं. मनगटावरची पकड त्याला आठवत होती, प्रत्येक बोट वेगळं. घड्याळाचा काटा आठवत होता, अकरा वाजून वीस. औषधी मलमाचा वास, मेहुण्याची हाताची घडी, खाली उतरताना चुकलेली एक पायरी, सगळं आठवत होतं. शब्द आठवेनात. तो आत शोधत गेला, आणखी आत गेला, आणि तिथं नुसते बाईंचे ओठ हलताना दिसत होते.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “तुमचं नाव यादीत दिलं त्याबद्दल होतं. माफ केलंस ना, असं शेवटी विचारलं, ते नक्की. पण त्याआधी पुष्कळ बोलल्या. पाच-सात मिनिटं. ते मी ऐकलं नाही. मला घाई होती.”

“पाच-सात मिनिटं.”

“हो.”

“आणि नंतर? एवढे रविवार आलात ना?”

“नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.” मग, सांगायलाच हवं म्हणून, त्यानं सांगितलं, “त्यांच्या लेखी संपला होता.”

मोठा माणूस कठड्याला टेकला. कठडा किंचित करकरला. खालचं धोपटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. बूटवाल्याला वाटलं, हा आता मारेल. मारलं तर मी हात वर करणार नाही, असंही त्यानं ठरवून टाकलं, आणि ठरवताना थोडा उत्सुकही झाला. जाळीपलीकडून मिळालं नव्हतं ते इथं मिळेल, काहीतरी अंगावर येईल, लागेल, आणि मग संपेल.

“मी नसतं केलं माफ,” तो माणूस म्हणाला. सावकाश, स्वतःशी बोलावं तसा. “मी तेच सांगायला आलो होतो. बावीस वर्षं वाक्य घोटत होतो. माझी बायको गेल्या वर्षी वारली, तेव्हा चर्चमध्ये तिचं नाव वाचलं आणि मला आपलं नाव ऐकू आलं. तेव्हा ठरवलं, आता जाऊन तोंडावर सांगायचं, की नाही. मी मेलो नाही आणि मी माफ करत नाही.” त्यानं दाराकडे पाहिलं. “आता कोणाला सांगू? त्या बाई मला चहा विचारतात.”

“मी आत जाऊन खरं सांगतो.”

“काय सांगाल? की तुझ्या मुलानं तुला माफ केलेलं नाही?”

बूटवाला म्हणाला, मग मी यायचं बंद करतो. दुसऱ्या कोणाला तरी हे घर देतील. बोलताना त्याला आपल्याच आवाजात सुटकेची चाहूल लागली, आणि ती समोरच्यालाही लागली असावी.

“ते नाही जमायचं,” मोठा माणूस म्हणाला. “मी मंगळवारी चाललो. बहीण एकटी आहे. तुम्ही येणं थांबवलंत तर आई वाट बघत बसेल, आणि वाट बघता बघता तिला सगळं पुन्हा आठवेल. तुम्ही यायचं. ती जिवंत असेपर्यंत दर रविवारी यायचं. घाईत हो म्हणालात ना? आता सावकाश म्हणा.”

तो रागानं बोलत नव्हता. हिशेबानंही नव्हे. एखादं यंत्र कसं चालवायचं ते नवख्याला समजावून सांगावं, तसं बोलत होता, आणि सांगताना त्याचा एक हात कठड्यावर घट्ट मिटला होता. बूटवाल्याला काहीतरी म्हणायचं होतं. मला हे झेपणार नाही, असं म्हणायचं होतं. आतापर्यंत दर रविवारी ते गोड लागत होतं, आता ठाऊक असताना, तुम्ही नाही म्हणालात हे ठाऊक असताना, त्या हाताखाली डोकं कसं धरू, असं विचारायचं होतं. पण विचारणार कोणाला? त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्याला स्वतःलाही कळलं नाही.

तेवढ्यात आतून हाक आली. टिल्लू.

मोठ्या माणसाचं अंग वळलं. त्यानं वळवलं नव्हतं, ते आपण होऊन वळलं, खेळ टाकून पोर वळावं तसं. पाऊल उचललं गेलं, तळहात दारावर टेकला. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्या माणसानं हात दारावरून काढून घेतला आणि बाजूला झाला.

“जा,” तो म्हणाला. “तुम्हाला बोलावतेय.”

तो आत गेला. बाईंनी पलंगावर सरकून कडेला जागा केली होती. कुठं गेला होतास रे, त्यांनी विचारलं. इथंच होतो, तो म्हणाला, आणि बसला. बाई काहीतरी सांगू लागल्या, कुठल्याशा जुन्या घराचं, अंगणातल्या पाण्याच्या पिंपाचं, त्यात पडलेल्या कोणाच्या तरी चपलेचं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द ऐकू लागला. दार अर्धवट उघडं होतं. चौकातून पावलं उतरल्याचा आवाज अजून आला नव्हता.